हळकुंडाचा दोरा

आईच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अधूनमधून झिरपतात. त्याचे काळे ठिपके वाढलेत का, हे बघायला आम्ही दरवर्षी सोलापुरात एमआरआय काढतो. तिथला टेक्निशियन मशीनच्या आवाजाच्या सवयीनं बाहेरही ओरडूनच बोलतो. आत धातू चालत नाही आणि आई मंगळसूत्राशिवाय राहत नाही, म्हणून तो हळकुंडाचा पिवळा दोरा बाबांच्या हातात देतो. "काका, तुमीच बांधा की!" बाबा लाजतात.

रिपोर्टबद्दल विचारलं, की त्याचं एकच उत्तर, "डॉक्टर सांगतील!"

यंदा आईला चक्कर येत होती, म्हणून आम्ही धास्तावलो होतो. तपासणी झाल्यावर आईनं दोरा परत दिला. त्यानं तो जपून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "पुढल्या वर्षी लागंल की."

आईनं बाबांकडं बघितलं. "म्हणजे परत ह्यांच्याशीच लग्न?"