उभ्याने केलेला प्रवास

मामांना मी शेवटचं पाहिलं ते मंद्रूपच्या एसटीत, उभं. डोळे दाखवायला ते माझ्याकडे जुळे सोलापुरात आले होते. परत जाताना मी त्यांना स्टँडवर खिडकीची जागा मिळवून दिली, तरी गाडी हलायच्या आत ते उठले आणि वरची दांडी धरून उभे राहिले. पुढे थोड्याच दिवसांत फोन आला... झोपेतच गेले.

पंचाहत्तरी उलटल्यापासून त्यांना एसटी मोफत होती. सुरुवातीला ऐटीत बसायचे. मग एकदा, मी सोबत असताना, मागून कुणीतरी म्हणालं, "फुकटवाल्यांनीच गाडी भरली. आम्ही पैसे मोजून लोंबकळायचं." तेव्हापासून तिकीट काढलेलं कुणी उभं दिसलं की मामा उठत. कंडक्टर चेष्टा करायचा, "आजोबा, बसा की. सरकारनं भरलंय तुमचं."

"सरकार उभं ऱ्हातंय व्हय हितं?" मामा म्हणायचे.

मी वाद घालत असे. जन्मभर रान कसलेल्या, साबणापासून काडेपेटीपर्यंत सगळ्यावर कर भरलेल्या माणसाला ही सवलत म्हणजे उपकार नव्हे, हक्क आहे, असं सांगायची. ते ऐकून घेत. "हक हाय की. पर त्यो बी दमून आलाय." हक्काबरोबर जबाबदारी येते, असं आपण म्हणतो. ती इतक्या सहज निभावणारा माणूस आपल्या घरात आहे, याचं कौतुकच वाटे.

परवा मी मंद्रूपला गेले तेव्हा मामीला हेच म्हणाले, की मामा दुसऱ्याचं किती बघायचे. ती ज्वारी पाखडत होती.

"कशाचं दुसऱ्याचं बघनं? तिकीट काढायचे तवा मला बी शीट देत नव्हते. मी उभी, हे खिडकीला. म्हनायचे, पैशे मोजल्यात." ती हसली... मग तिनं सूप खाली ठेवलं.

तेव्हापासून चैन नाही. मी जिला जबाबदारी समजत होते ती लाज होती का? की लाजेतूनच त्यांना दुसऱ्याचे दुखणारे पाय दिसू लागले? आणि पगारावरच्या करात दरवर्षी सूट घेणारे आम्ही, आम्हाला कधी कुणी उठवलं?

परतीच्या गाडीत जागा मिळाली. हातात बायकांचं निम्मं तिकीट. शेजारी एक माणूस दांडी धरून उभा होता, पूर्ण तिकिटाचा. मी उठले नाही. सोलापूर येईपर्यंत नीट बसलेही नाही.