शिसं घरी ठेवलं

साठ सालानंतरची गोष्ट. मी मुंबईच्या बंदरात पाणबुड्याचं काम करायचो. समुद्रकाठच्या मिठबावहून ताईचा निरोप आला, की भावोजींची होडी खडकावर आपटून बुडाली. माणसं पोहून वाचली, पण जाळ्यांसकट नवं इंजिन तळाला होतं. खाऱ्या पाण्यात ते जितके दिवस राहील तितकं खराब होणार होतं.

साहेबांनी सामान न्यायला परवानगी दिली. ते सगळं खोलीत मांडून मी नुसता येरझारा घालत होतो.

"कोल्हापुराक गाडी बदलूची आसा," बायको म्हणाली. "ह्या सगळा एकट्यान उचलूक जमतला?"

आधी रबरी पोशाख बाजूला काढला. तो अंगात असला की माणूस बुचासारखा वर येतो, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागतं. पोशाख नाही तर शिसंही थोडंच पुरणार, आणि जाळ्यांना लावायचं शिसं गावात कुणाकडेही मिळालं असतं. तेही घरीच ठेवलं. उरल्या हवेच्या दोन टाक्या. रिकामी टाकी भरून देणारं गावाकडे कुणी नव्हतं. दुसरी टाकी मी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. निघताना एकच घेतली.

कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरने ती टपावर टाकायला सांगितली.

"उन्हात तापेल. पायाशी ठेवतो."

"गॅस आहे का?"

"नाही. हवा आहे."

"हवा मुंबईहून कशाला आणता?"

शेजारचे हसले. मला हसू आलं नाही. घाटात प्रत्येक वळणाला टाकी गुडघ्यांत दाबून धरत होतो, आणि मनात दुसरी टाकी होती.

मिठबावला भावोजींनी ओझ्याकडे पाहिलं. "इतक्याच हाडलंस? दुसरी टाकी खंय आसा?"

"मुंबयत. ही भरलेली आसा."

त्यांनी शेजाऱ्यांकडून शिसं आणलं आणि ते पट्ट्यात ओवायला माझ्यासमोर बसले. मी मदतीला बसायचो आणि लगेच उठून समुद्र बघून यायचो.

सकाळी पाणी शांत होतं. होडी दोन खडकांत तिरकी अडकली होती, बूड फुटलेलं. इंजिनाचे बोल्ट सोडवता सोडवता टाकीतली हवा कमी होत गेली, तशी टाकी हलकी झाली आणि मीच वर उचलला जाऊ लागलो. घरी ठेवलेलं शिसं तेव्हा आठवलं. एक पाय फळीखाली अडकवून शेवटचा बोल्ट काढला. श्वास ओढायला जड जात होता. इंजिनाला दोर बांधला, वरच्यांना ओढायची खूण म्हणून झटका दिला आणि वर आलो.

इंजिन वर आलं. जाळी खालीच राहिली. त्यांच्यासाठी हवा उरली नव्हती. भावोजी वाळूतच रॉकेल घेऊन एकेक भाग धुवायला लागले. नंतर ते इंजिन दुसऱ्या होडीत बरीच वर्षं चाललं.

त्या दुपारी मात्र मी पुळणीच्या वाळूवर इकडून तिकडे फिरत होतो. ताई चहा घेऊन आली.

"इंजिन गावला मां? मगे असो कित्याक फिरतंस? बस मरे जरा."

मी बसलो. चहा अर्धा झाला नाही तोच, जाळी राहिली होती त्या खडकांकडे बघत पुन्हा उठलो.