सारवलेला बर्फ

"हे अंगण कुणी सारवलं?" सुभेदारसाहेब म्हणाले.

टेबलाभोवती गोल फिरून झाल्यावर ते एवढंच बोलले. हमीदभाई आमचे मालक, त्यांनी कदममामांकडे बघितलं. कदममामा सुतारकाम करायचे, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाकडे बघणार, माझ्या मागे भिंत होती. माझी पोर चिमी कडेवर होती नि माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती.

"मी," मी म्हटलं. "मी सारवलं, साहेब."

आता नीट सांगते. नव्वदच्या पुढची गोष्ट हाय, चिमी तेव्हा नुकती बसायला लागली होती. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडला लागून हमीदभाईंचं वर्कशॉप होतं. आम्ही मॉडेल बनवायचो. बिल्डिंग, धरण, कारखाना, जे सांगतील ते, पण लहान करून. ते काचेच्या पेटीत घालून साहेब लोक ऑफिसात ठेवतात. मी नवीन होते. सामान उचलायचं, प्लास्टर कालवायचं, ब्रश धुवायचे, असलं काम. शिक्षण माझं सातवी, तेही खारबावच्या शाळेत, अर्धं शेतावर अर्धं वर्गात.

नवरा लूमवर रातपाळीला. दिवसा तो झोपणार आणि खोली एकच. पोर रडलं की त्याची झोप गेली, झोप गेली की रात्री लूममध्ये हात जायची भीती. म्हणून चिमीला घेऊनच मला बाहेर पडायला लागायचं. कुठल्या कारखान्यात तान्ह्या पोराला आत घेतात? मी चार ठिकाणी विचारून आले होते. हमीदभाई एकटे म्हणाले, "घेऊन ये. मेरी अम्मीने भी हमको ऐसेच पाला. पण काम झालं पाहिजे." कदममामांनी खिडकीच्या गजाला नि खुंटीला साडी बांधून झोळी करून दिली. ती झोळी म्हणजे माझी नोकरी होती असं समजा. ती सुटली तर मी कुठं जाणार हे मला खरंच माहीत नव्हतं.

आणि मग ते मिलिटरीचं काम आलं. एका पलटणीला त्यांच्या हॉलमध्ये ठेवायला डायोरामा पाहिजे होता. डायोरामा म्हणजे देखावाच, गणपतीपुढे करतात तसा, फक्त त्यात सगळं मापात असतं. माणूस अंगठ्याएवढा तर त्याची बंदूक, त्याचा मग, त्याचा बंकर, सगळं त्या हिशेबात. लढाईच्या दिवसांतली पहाडावरची चौकी, थंडीतली, सगळीकडे बर्फ. सुभेदारसाहेब रिटायर झालेले, साताऱ्याकडचे, तरुणपणी त्याच चौकीवर राहिलेले. पलटणीने त्यांना बघायला पाठवलं होतं. ते पास म्हणतील तर काम पास. हमीदभाईंनी आधीच सांगितलं होतं, हे पास झालं तर मोठी कामं येतील, न्हाय झालं तर माणसं कमी करावी लागतील. कमी म्हणजे कोण? जी शेवटी आली ती.

डायोरामात सगळ्यात खाली असते ती जमीन, तिला ग्राउंडवर्क म्हणतात. आधी प्लायवूड, त्यावर थर्माकोलचे चढउतार, त्यावर पीओपीचा थर. बाकीची माणसं बंकर आणि वाळूच्या पोत्यांत गुंतलेली, म्हणून हमीदभाई मला म्हणाले, "मंदा, जमीन तू कर. हाताने लाव. जमिनीसारखी दिसली पाहिजे."

मी लावली. पहिल्यांदाच मला हाताचं काम दिलं होतं, मी जीव लावून केलं. पीओपी कालवलं आणि उजव्या हाताने गोल गोल ओढत गेले, एकाला एक लागून, कुठे खाच न्हाय, कुठे ढेकूळ न्हाय. वरून पांढरा रंग, त्यात चिमूटभर नीळ, चुन्यात घालतात तशी. सगळ्यांना आवडलं. कदममामा म्हणाले, "हात चांगला आहे पोरीचा." बर्फ आमच्यापैकी कुणी बघितला होता? बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा नि मासळीवरचा.

सुभेदारसाहेबांनी बोटाने दाखवलं. "हे बगा. अर्धा चंद्र, अर्धा चंद्र, अर्धा चंद्र. आमच्या आईनं सारवलेलं अंगण हाय हे. फक्त तुळस लावायची राहिली. शत्रू आला तर चप्पल काढूनच येईल."

कदममामांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं. मला रडू येत होतं. कारण ते खरं होतं. एकदा सांगितल्यावर सगळ्यांनाच दिसायला लागलं, माझ्या हाताचे सगळे वळसे, चौकीपासून पार दरीपर्यंत.

हमीदभाई म्हणाले, "साहब, नई लडकी है. मी दुसऱ्याला लावतो."

हे ऐकलं आणि मी टेबलाच्या पुढे आले. मी काय बोलले मला आठवत न्हाय नीट, पण एकदम बोलत सुटले. की साहेब मी परत करते, मी आजच खरवडते, मला फक्त बर्फ कसा असतो ते सांगा, मी बघितला न्हाय, मला कुणी सांगितलं तर मी करते, मला माझ्या पोरीची शप्पथ.

सुभेदारसाहेब जरा मागे सरले. बाईमाणूस एवढं बोलेल असं त्यांना वाटलं नसावं. "शप्पथ कशाला घालतीस बाळ," ते म्हणाले. "बस आधी. बर्फ कुणी हातानं लावत न्हाई. वारा आणतो. समोरून वारा आला की समोरची बाजू उघडी पडती, दगड दिसतो, माती दिसती. आणि आडोशाला, पोत्यांच्या मागं, तिथं ढीग. असा निमुळता होत गेलेला."

"लूमखाली रुई बसते तशी?" मी विचारलं.

"आता ते मला काय ठावं. दाखव."

शेजारची शेड हमीदभाईंच्या भावाची. मी नुसती दारातून बघितली होती, कधी आत गेले नव्हते, बायका तिकडे जात न्हायत. आत लूमचा एवढा खडखडाट की बोलणं बंद, नुसते हात. पट्टे फिरतात त्याचा वारा असतो. वाऱ्याच्या तोंडाची फरशी स्वच्छ होती, आणि खांबांच्या मागे, मशिनच्या पायांच्या मागे रुईचे लांबट ढीग, एका बाजूला उभे, दुसऱ्या बाजूला उतरते. वरच्या तुळयांवरही बसलेली. सुभेदारसाहेब तिथे खाली बसले. बराच वेळ बसले. लूमवाले पोट धरून हसत होते की हा मिलिटरीवाला आमच्या कचऱ्यात काय बघतोय. मग ते उठले, माझ्या कानाजवळ येऊन ओरडले, "हेच!"

बाहेर आल्यावर हमीदभाईंना म्हणाले, "हिलाच करू दे. मी पुढच्या आठवड्यात येतो."

मग खरं काम. कदममामा पटाशीने पीओपी फोडायला बसले, बंकरला धक्का न लावता. मी तारेच्या ब्रशने खरवडत होते. एक चांगलं झालं, फोडलेल्या जागा वेड्यावाकड्या राहिल्या, त्या खडकासारख्या दिसायला लागल्या. त्या तशाच ठेवल्या. मातीचा रंग दिला, वाळवलेली चहापूड टाकली.

बर्फासाठी संगमरवराची पावडर आणली, रांगोळीत घालतात ती. मी म्हटलं वाराच पाहिजे तर पंखा लावू. कदममामांनी पायावरचा उभा पंखा आणला नि फुल लावला, मी चाळणी धरली. पावडर टेबलावर पडलीच न्हाय. ती हमीदभाईंवर पडली. ते नमाजाला जायला पांढरी टोपी घालून निघाले होते, आता दाढी पण पांढरी.

"अरे मुझे क्या बुड्ढा करके भेजोगे?" ते म्हणाले. "पंखा भिंतीकडे फिरवा. भिंतीवरून आपटून हळू येईल."

आणि तसंच झालं. चिमीला मी आधीच बाहेर नेलं होतं, गल्लीतल्या चहावाल्याच्या बायकोकडे, पोरीच्या छातीत पावडर जाईल म्हणून. तोंडाला फडकं बांधून मी चाळत राहिले, थोडं थोडं, वरून, आणि वारा आपला आपण नेत होता. पोत्यांच्या मागे निमुळता ढीग बसायला लागला. खडकाचं तोंड उघडं राहिलं. मी हात लावत नव्हते. हात लावायची एवढी सवय की मी मोकळा डावा हात पाठीमागे पदरात गुंडाळून ठेवला होता.

आता ते चिकटवायचं कसं? ब्रश लावला तर मोडणार. पाणी शिंपडलं तर खड्डे. डास मारायचा हातपंप असतो ना, तो कोरा आणला, त्यात पांढरा गोंद पातळ करून भरला आणि लांबून धुकं सोडलं. एक थर वाळला की दुसरा. चौकीतल्या चुलीजवळ काजळी लावली, रॉकेलच्या डब्याजवळ घाण. साहेबांनी जाताना सांगितलं होतं की जवान एकामागे एक, पुढच्याच्या पावलात पाय टाकून चालतो. म्हणून मी चमच्याच्या दांड्याने एकच वाट उठवली, बंकरपासून पहाऱ्यापर्यंत.

साहेब ठरल्या दिवशी आले. त्यांनी गुडघे टेकले, डोळे टेबलाच्या बरोबरीला आणले नि बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. त्यांचं बोट हवेतच एका बंकरपाशी थांबलं, काहीतरी नाव पुटपुटले, कुणाचं ते मी विचारलं न्हाय.

मग कडक आवाजात म्हणाले, "लंगरची वाट कुटाय?"

लंगर म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर.

"पहाऱ्याकडं वाट गेली, लंगरकडं न्हाई. उपाशी मारताय माझ्या जवानांना? सगळ्यात रुंद वाट लंगरची असती, बाळ. युद्ध असू दे न्हाईतर नसू दे."

आधी कदममामा हसले, मग साहेब, मग मला कळलं की हसायचं हाय. मी चमचा घेतला आणि त्यांच्यासमोरच वाट पाडली. ते सांगत होते, इथं जास्त तुडव, इथं कुणीतरी घसरलेला दाखव, हां, इथं चहा सांडलेला. चहा मी खराच टाकला, थेंबभर, कपातला.

"पास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेटी टेम्पोत चढली. हमीदभाईंनी मला मस्टरवर घेतलं, ग्राउंडवर्क माझ्याकडेच दिलं. झोळी जिथे होती तिथेच राहिली, पुढे चिमी तिच्यातून उतरून चालायला लागली तरी.

त्या कामात मी एक शिकले. जमीन करायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, वारा कुठल्या बाजूने येतो. धरण असलं तरी विचारते, वाळवंट असलं तरी विचारते. एकदा एका बँकेच्या बिल्डिंगचं मॉडेल होतं, तिथेही विचारलं. आर्किटेक्ट माझ्याकडे बघतच राहिला. पण मग त्याने नकाशा उघडला आणि सांगितलं, पश्चिमेकडून. मी सुकलेली पानं, वाऱ्याने उडून अडकल्यासारखी, पूर्वेच्या कंपाउंडला लावली.