टाचेवरच्या रेघा

कातडीच्या विभागातली शेवटची खोली फोटोची. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या असत. त्या काढून खिडकी काळ्या कागदाने बुजवली, भिंतीवर निळं कापड ताणलं आणि जमिनीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढली. पेशंटने त्या पावलांवर उभं राहायचं, हलायचं नाही आणि लाजायचं तर मुळीच नाही. या खोलीत फोटोकाकांनी एकोणतीस वर्षं काढली. त्यांना खरं नाव होतं, पगाराच्या कागदावर ते छापूनही यायचं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्यांनीच मागे वळून पाहिलं नसतं.

संशोधन म्हटलं की लोकांना नळ्या, बाटल्या आणि चष्मेवाले दिसतात. अहो, या विभागाचं निम्मं संशोधन या कोंदट खोलीत व्हायचं. पांढऱ्या डागावर नवं मलम लावलं, तर डाग भरला की नाही? टक्कल पडलेल्या जागी खरंच केस आले, की बिचाऱ्याला आशेने तसं वाटतंय? बुरशीने जाड झालेलं नख मुळापासून स्वच्छ वाढतंय का? अशा वेळी डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेला फोटो लागतो, आणि तो काका काढत. परिषदांमध्ये ते फोटो भिंतभर झळकत आणि खाली नाव डॉक्टरांचं. काकांची त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती घरी.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, डाग राहत. एकदा बसच्या रांगेत पुढच्या माणसाची मान बघून ते आनंदाने म्हणाले, "वा, भरून आलं की हो सगळं!" त्या माणसाने वळायच्या आधी खिसा चाचपला.

खोलीचे नियम दोन, जुन्या मोठ्या सरांनी घालून दिलेले. पहिला, डाग चौकटीत पुरता भरून आला पाहिजे. आजूबाजूला जास्त कातडी दिसली की सर विचारत, बाकीचं अंग काय सहलीला आणलंय? दुसरा, डागाशेजारी कागदाची पट्टी चिकटवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. बोटभर लांब, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, तिच्यावर पेशंटचा नंबर. कारण उघड आहे. जवळून काढलेला तीळ आणि लांबून काढलेला चट्टा फोटोत सारखाच दिसतो. पट्टी नाही तर फोटो फुकट. हे काकांनी शिकाऊ डॉक्टरांच्या कित्येक तुकड्यांना झापून सांगितलं होतं. एका मुलीला तर असं झापलं की ती जिन्यात बसून रडली. तीच मुलगी पुढे या विभागाची प्रमुख झाली, आणि काका तिला मॅडम म्हणू लागले.

घरी काकू. काकू शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत पायाचं मशीन, भोवती शाळेच्या गणवेशांचे ढीग आणि टेप सदा गळ्यात. मापांच्या जाड वहीत त्या पेन्सिलीने आकडे मांडत, खाली तारीख घालत, आणि कापड कमी पडणार असं दिसलं की त्या आकड्याखाली दोन रेघा ओढत. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगून टाकायचं म्हणजे नंतर कटकट नको. कापड खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. काकांशी त्यांचं भांडण रोजचं आणि अबोला कधीच नाही.

एका रविवारी पाय पुसताना काकूंना उजव्या टाचेवर काळा ठिपका दिसला. तिळाहून जरा मोठा. त्यांनी काकांना दाखवला. काकांनी टाच उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, कडा सरळ आहेत, रंग एकसारखा आहे, पॅडलवर टाच घासून रक्त साकळलं असेल. तरी आपण दर महिन्याला फोटो काढू, जरा बदल दिसला की मॅडमना दाखवू. काकूंना तेवढं पुरलं. घरात एवढा जाणता माणूस असताना रांगेत जाऊन कोण बसतं?

काकांनी विभागातून निळ्या कापडाचा तुकडा आणला आणि आपला जुना कॅमेरा काढला. काकू पलंगावर पालथ्या झाल्या. काका वाकून नेम धरतायत तोवर त्यांनी गळ्यातली टेप काढून मागे केली.

"ही लावता का शेजारी? तुमच्या त्या पट्टीसारखी?"

"ती पेशंटला लावतात," काका म्हणाले. "तू काय पेशंट आहेस?"

काकू हसल्या आणि टेप परत गळ्यात घातली. काकांचं मन मला कळतं. एकोणतीस वर्षं ज्याच्या शेजारी ती पट्टी लागली त्याचा नंबर झालेला त्यांनी पाहिला होता. बायकोचा नंबर करायचा नव्हता त्यांना. प्रेम म्हणा, अपशकुनाची भीती म्हणा. मी त्याला शुद्ध मूर्खपणा म्हणतो, आणि पुढे काकाही तेच म्हणायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर टेप बायकोच्या गळ्यात होती.

दुसरा नियम सोडला, पण पहिला सुटला नाही. तो हातातच भिनलेला होता. डाग चौकटीत भरून आला पाहिजे, म्हणून दर महिन्याला काका डोळा लावून थोडे पुढे-मागे होत, आणि डाग नेमका बसला की बटण दाबत. आपण दर वेळी मागे मागे सरकतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आठ महिन्यांचे आठ फोटो त्यांनी छापून आणले आणि एका पाकिटात घातले. शेजारी शेजारी ठेवले तर आठही सारखे. टाचेवर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेघा असतात ना, त्या पहिल्या फोटोत जाड आल्या होत्या आणि पुढे पुढे नाजूक होत गेल्या. काका त्यावर खूश होते. म्हणायचे, वय झालं तरी हात सुधारतोय, बघ कसे सुबक फोटो यायला लागलेत.

आठव्या महिन्यात काकूंच्या जांघेत सुपारीएवढी गाठ लागली. तेव्हा कुठे दोघं मॅडमकडे गेली. काकूंची टाच तपासायच्या टेबलावर, आणि काकांनी पाकीट पुढे केलं. दर महिन्याला फोटो काढलाय, म्हणाले, काडीचा फरक नाही.

मॅडमनी आठही फोटो ओळीने मांडले. बराच वेळ पाहिले. मग मान वर केली.

"काका, पट्टी?"

मॅडमनी ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि पेन्सिलीच्या टोकाने फोटोवर काहीतरी मोजू लागल्या. एक फोटो, मग दुसरा, मग शेवटचा.

"टाचेवरच्या रेघांमधलं अंतर बदलत नाही, काका," त्या हळू म्हणाल्या. "मोठ्या माणसात ते आहे तेवढंच राहतं. पहिल्या फोटोत डाग सहा रेघांवर आहे. या शेवटच्यात बावीस."

म्हणजे पट्टी होती. काकूंच्या स्वतःच्या कातडीवर होती, आठही फोटोंत. मॅडम एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत, आणि तेच काकांना सोसवेना. जिन्यात बसून रडलेल्या त्या मुलीने आज त्यांना झापलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. काकू मात्र टेबलावर बसून शांतपणे ते भिंग आणि ती पेन्सिल बघत होत्या.

कातडीचा कॅन्सर निघाला, तोही वाईटातला. शस्त्रक्रियेआधी नोंदीसाठी फोटो हवा होता. विभागात फोटो काढणारा एकच. काकूंना त्या शेवटच्या खोलीत आणलं, निळ्या कापडावर पाय ठेवला, आणि काकांनी पट्टीवर नंबर लिहून ती टाचेशेजारी चिकटवली. ती नीट चिकटेना, कारण त्यांची बोटं ओली झाली होती. काकूंनी मान वळवून पाहिलं.

"लावलीत शेवटी."

"नियम आहे," काका म्हणाले.

टाचेचा तुकडा काढला, जांघेतल्या गाठी काढल्या, पण तोवर दुखणं फुप्फुसात गेलं होतं. काकांनी मॅडमना बाहेरच्या बाकावर गाठून विचारलं की कितव्या महिन्यात आणलं असतं तर वाचली असती. मॅडम म्हणाल्या, असं छातीठोक सांगता येत नाही कुणाला. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नुसता डाग काढून बहुतेक भागलं असतं. आणि मग त्या उगाच घड्याळाकडे बघायला लागल्या.

घरी आल्यावर काकांनी पाकीट काढलं आणि भिंग घेऊन एकेक फोटो मोजला. पहिल्यात सहा, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात अकरा. पुढचे त्यांनी मोजलेच नाहीत. पाकीट कपाटावर मागे सरकवलं, हात धुतले, आणि काकूंना चहा करून दिला.

काकूंच्याने आता पॅडल मारवत नव्हतं. त्या मशीनशेजारी खुर्चीत बसून गणवेशांना बटणं लावत. एका दुपारी, सुई हातात तशीच धरून, त्यांनी विचारलं.

"कधीपासून वाढायला लागला हो तो?"

काका खिडकीशी उभे होते. या माणसाने एकोणतीस वर्षांत फोटोवर कधी साधा हात फिरवला नव्हता. डॉक्टरांनी गळ घातली तरी नाही. डाग जसा आहे तसा दिसायला हवा, हा त्यांचा बाणा.

"शेवटी शेवटी," ते म्हणाले. "सातव्या-आठव्या महिन्यात. एकदम."

"मग तुम्ही तरी काय करणार," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सुई पुढे केली. त्यांना दोरा ओवता येत नव्हता. काकांनी ओवून दिला. त्या दिवसापासून काका जरा जेवायला लागले. बायकोला ठाऊक नाही, या एवढ्याशा आधारावर ते उभे होते. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

पुढच्या चार महिन्यांत काकू गेल्या. शेवटचे आठ दिवस फार वाईट गेले, त्यांचं वर्णन मी करणार नाही.

काका परत कामावर जाऊ लागले. तीच पिवळी पावलं, तेच निळं कापड. पट्टी लावताना हात थांबायचा, पण लावायचे. मग एके दिवशी एक बाई घरी आली. तिच्या मुलीचा गणवेश शिवायचा राहिला होता, दुसरीकडे टाकायचा तर मापं हवी होती. काकांनी मशीनचा खण उघडून मापांची वही काढली आणि पानं उलटली, तर आतून फोटोंचं पाकीट खाली पडलं. कपाटावर मागे सरकवलेलं पाकीट. बाईला त्यांनी मापं उतरवून दिली, दारापर्यंत पोचवलं आणि मग ते काकूंच्या खुर्चीत बसले.

आठही फोटोंच्या मागे पेन्सिलीचे आकडे होते, काकूंच्या अक्षरातले. प्रत्येक आकड्याखाली तारीख, आणि सगळीकडे तारीख एकच, बटणं लावताना त्यांनी तो प्रश्न विचारला त्याच्या आदल्या दिवसाची. पहिल्या फोटोच्या मागे सहा. दुसऱ्याच्या मागे सात. तिसऱ्याच्या मागे अकरा, आणि त्या अकराखाली काकूंनी दोन रेघा ओढल्या होत्या.