शंभरावरून नव्वद

"बारीक झालात हो!" असं कुणी म्हटलं की माणसं खूश होतात. मी घाबरतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे उद्योग केले त्यांवर हसायचं की नाही ते तुमचं तुम्हांला ठरवता येईल.

मी तुर्भ्याला ट्रकच्या वजनकाट्यावर ऑपरेटर आहे. बावीस वर्षं झाली. गाडी रिकामी आली की तिचं वजन घ्यायचं, भरून आली की पुन्हा घ्यायचं, पावती द्यायची आणि ड्रायव्हरशी भांडायचं. भांडण हा कामाचाच भाग आहे. "मागच्या काट्यावर कमी भरलं होतं," असं रोज कुणीतरी म्हणतो आणि रोज मी त्याच सुरात सांगतो, की बाबा रे, हा ट्रकचा काटा आहे, सोनाराचा नाही. हा दहा-दहा किलोनंच आकडा दाखवतो, मधलं याला दिसत नाही. पंच्याण्णवच्या वर असलं तर शंभर म्हणेल, खाली असलं तर नव्वद. घरी जेवतानाही मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की बायकोला पाठ झालंय.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मालकानं सांगितलं, काट्यावर कॅमेरे बसणार. गाडी आपोआप मोजली जाणार आणि पावती ड्रायव्हरच्या मोबाइलवर जाणार. आम्ही तीन शिफ्टना तीन ऑपरेटर होतो. एकाला लगेच नारळ दिला. उरलेल्या दोघांना म्हणाले, "बघू." त्या 'बघू'नं माझी झोप उडाली. डोकं ठणकायला लागलं, दोन मजले चढताना दम लागायला लागला, कितीही पाणी प्यालो तरी घसा कोरडाच. शेवटी बायकोनं ओढत नेरूळमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन एकशे तीन किलो, बीपी वाढलेलं आणि साखर अगदी हद्दीवर.

"गोळ्या आजच सुरू करत नाही," बाई म्हणाल्या. "तीन महिने देते. रोज चाला, जेवण सांभाळा, गोड बंद. मग पुन्हा रक्त तपासू. साखर उतरली नाही तर गोळ्या घ्यायच्या, आणि तेव्हा कुरकुर ऐकणार नाही."

बायकोला हायसं वाटलं. मी मात्र घाबरलो, कारण साखरेनं आमच्या घरातला एक माणूस आधीच नेला होता.

माझे वडील, आबा, इथल्याच घाऊक बाजारात माथाडी होते. अंगानं दणकट, बोलायला कमी. पन्नाशी उलटली आणि ते बारीक व्हायला लागले. आम्हांला वाटलं, छान झालं, पोट उतरलं. शेजारीपाजारी म्हणायचे, "तब्येत मस्त कमावलीत." मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकता कामाला लागलेला. त्यांच्या दोन पँटी कमरेत ढगळ झाल्या म्हणून मीच हौसेनं टेलरकडे घेऊन गेलो. टेलरनं विचारलं, आतलं जादा कापड ठेवू की कापू? मी म्हणालो, "कापून टाका. आता त्यांना परत जाड होऊ देत नाही आम्ही." वर्षभरात त्याच पँटी पुन्हा ढगळ झाल्या. पायाला लागलेली जखम भरेना तेव्हा कुठे आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग ते गेले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पोती काट्यावर ठेवली, पण त्यांना एकदा काट्यावर उभं करावं हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. साखर त्यांना आतून खात होती आणि आम्ही त्यांची पाठ थोपटत होतो. त्यातली सगळ्यांत मोठी शाबासकी माझी होती.

तर मी चालायला लागलो ते शिस्त वगैरे लागली म्हणून नाही. भीतीनं चालायला लागलो. स्टेशनपासून काट्यापर्यंत रिक्षा सोडली. धूळ खात, ट्रकच्या कडेकडेनं पंचवीस मिनिटं जाताना आणि तेवढीच येताना. संध्याकाळी नेरूळला बायकोबरोबर आणखी एक फेरी. रात्रीचा भात बंद, एक भाकरी आणि भाजी, तेही आठच्या आत.

सगळ्यांत अवघड गेला तो चहा. आमच्याकडे रीत अशी, की जुना ओळखीचा ड्रायव्हर गाडी काट्यावर लावली की टपरीवरून स्वतःबरोबर काटेवाल्यालाही कटिंग सांगतो. नाही म्हटलं की त्याला वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे, आता हा वजनात खोट काढणार. दिवसाला बारा-बारा कटिंग व्हायची, आणि टपरीवाल्याचा हात साखरेला सढळ. मी बंद केला तेव्हा दोघं ड्रायव्हर रुसले. एकानं तर हात जोडून विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?" आता तिशी-पस्तिशीच्या गड्याला माझ्या रक्ताचा रिपोर्ट कसा समजावणार? टपरीवाल्याला सांगून माझ्यासाठी बिनसाखरेचा कोरा चहा ठेवला. तो कडू काढा त्यांच्यासमोर पिऊन दाखवायचो, तेव्हा त्यांचं समाधान व्हायचं.

घरात वजनाचं मशीन नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडे मधेच जायची हिंमत होत नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही. सोमवारी सकाळी गाड्या उशिरा सुरू होतात. तेवढ्यात मी जाऊन आमच्याच काट्यावर मधोमध उभा राहायचो आणि मान वर करून बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांकडे बघायचो. ट्रकच्या काट्यावर एकटा माणूस, म्हणजे परातीत पडलेला शेंगदाणा. आकडा यायचा शंभर. पुढच्या सोमवारी शंभर. त्याच्या पुढच्या सोमवारी शंभर. दम लागणं कमी झालं होतं, डोकं दुखायचं थांबलं होतं, पट्ट्याला खिळ्यानं एक नवं भोकसुद्धा पाडलं होतं. पण शंभर काही हलेना. मी काट्यालाच शिव्या घालायला लागलो होतो.

आणि नवव्या की दहाव्या सोमवारी आकडा आला नव्वद.

मी खाली उतरलो, पुन्हा चढलो. नव्वद. बूट घातलेले, खिशात किल्ल्या, तरी नव्वद. एका आठवड्यात दहा किलो! माझ्या डोळ्यांपुढे वडिलांची ती ढगळ पँट आली. चालून कुणाचं आठवड्यात दहा किलो उतरतं का? मला आतून काहीतरी खात होतं. तेवढ्यात नाशिककडचा एक जुना ड्रायव्हर गाडी लावून उतरला आणि माझ्याकडे निरखून म्हणाला, "साहेब, लई वाळलात की. बरं हाय ना सगळं?"

"तुझी गाडी नीट लाव आधी," मी त्याच्यावर खेकसलो.

घरी काही बोललो नाही. सांगितलं असतं तर बायको लगेच रक्त तपासायला घेऊन गेली असती, आणि त्या कागदावर काय असेल ते मला बघायचं नव्हतं. त्याऐवजी मी जे केलं ते सांगायची आज लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून मी वजन परत आणायला लागलो. सकाळी स्टेशनबाहेर दोन वडापाव. दुपारी डब्याच्या वर भजी. ड्रायव्हर म्हणेल त्याच्याबरोबर कटिंग, एकदम गोड. रिक्षा परत सुरू. आठवडाभर मी भुकेशिवाय, चवीशिवाय, नुसता घाबरून खात होतो. पुढच्या सोमवारी काट्यावर उभा राहिलो, तर शंभर. मला रडूच आलं. वाटलं, वाचलो.

त्याच संध्याकाळी बायकोनं धुण्यासाठी माझा शर्ट उचलला आणि खिशातून तेलकट कागदाचा बोळा निघाला. ती चिडली नाही. नुसती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, काय चाललंय तुमचं? आठवडा झाला, चेहरा बघतेय मी. आणि हे वडे कसले?"

मी सगळं सांगून टाकलं. नव्वद, वडिलांची पँट, भजी, पुन्हा शंभर. ती ऐकत राहिली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तुमचा काटा दहा-दहानंच दाखवतो ना? मधलं त्याला दिसत नाय ना? तुमीच सांगता रोज."

बावीस वर्षं जगाला शिकवलेली गोष्ट स्वतःची वेळ आली तेव्हा डोक्यातून पार धुऊन गेली होती. पंच्याण्णवच्या जरा खाली गेलो तेव्हा नव्वद दिसलं, आणि आठवडाभर वडापाव खाऊन जरा वर आलो तेव्हा शंभर. दहा किलो कुठे गेलेच नव्हते. ज्या अर्ध्या-पाऊण किलोसाठी मी उन्हातून पायपीट केली होती, ते मी स्वतःच भरून काढलं होतं.

"हुशार आहात," ती हसत म्हणाली. मग हसायची थांबली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उद्यापासनं परत चालायचं. आणि तीन महिने भरले की रक्त तपासायचं. मी येते बरोबर. आबांच्या वेळी कुणी गेलं नाय, आता आपण जाऊ."

उरलेले दोन-अडीच आठवडे मी चाललो, पण भीती गेली नव्हती. काट्याचं गणित कळलं म्हणून शरीराचं कळलं असं थोडंच होतं. रक्त देताना मी भिंतीकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत होत्या तेवढ्या वेळात मी माझ्या डाव्या पायाचा अंगठा चपलेत दोनदा हलवून पाहिला. हलत होता.

"साखर उतरलीय," बाई म्हणाल्या. "चांगली उतरलीय. बीपीपण ठीक. वजन करा बघू." त्यांच्या काट्यावर त्र्याण्णव किलो चारशे ग्रॅम भरलं. मधलं सगळं दिसत होतं. "गोळ्यांची आत्ता गरज नाही. पण तीन महिन्यांनी परत यायचं हं, विसरायचं नाही."

बायकोनं पदरानं डोळे पुसले. मला खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण गाडी रिकामी झाल्यावरसुद्धा इंजिन थोडा वेळ धडधडत राहतं, तसं माझं छातीतलं चालूच होतं.

कॅमेऱ्यांचं अजून 'बघू'च आहे. गेल्या रविवारी बायकोनं माझ्या दोन पँटी पिशवीत भरून हातात दिल्या. "किती दिवस पट्ट्याला भोकं पाडत बसणार?" नेरूळ स्टेशनजवळच्या टेलरकडे गेलो. त्यानं माप घेतलं, खडूनं खूण केली आणि विचारलं, "साहेब, आतलं जादा कापड कापू का?"

माझा हात आपोआप पँटीवर गेला. "नको," मी म्हणालो. "राहू दे आत. आणि एक काम कर. दोन महिन्यांत ही पुन्हा ढगळ झाली म्हणून मी घेऊन आलो, तर कंबर आत घेऊ नकोस. बारीक झालात म्हणून कौतुकही करू नकोस. आधी मला डॉक्टरकडे पाठव."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला आणि म्हणाला, "बरं साहेब. पाठवतो."