एक परप्रांतीय मजूर
काल जुन्या रेशनकार्डातून एक कात्रण निघालं आणि लूमच्या तेलाचा वास पुन्हा नाकात शिरला. नव्वदच्या दशकात मी सुरतला कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचो, तिथल्याच डिंडोलीत राहायचो. शेजारच्या लूमवरचा माझा धुळ्याकडचा सोबती शॉक लागून गेला, तेव्हा तिथल्या एका पेपरनं छापलं, 'परप्रांतीय मजूर ठार'. बस, एवढंच. त्याची बायको म्हणाली, "त्यासले नाव नही व्हतं का?" त्याच महिन्यात त्या पेपरनं जाहीर केलं, की वर्तमानपत्रं कशी सुधारावीत यावर परिषद भरणार आहे, जनतेनं सूचना पाठवाव्यात. मी मोडक्यातोडक्या गुजरातीत पोस्टकार्ड टाकलं, की मेलेल्या मजुराचं नाव छापा. आणि चक्क बोलावणं आलं! दिवसपाळी बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गारेगार हॉल, अत्तराचा घमघमाट आणि माझ्या नखांत घासूनही न गेलेलं काळं तेल. उभा राहून आधी माझ्या सोबत्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग माझं. टाळ्या पडल्या. संपादकसाहेब म्हणाले, "बहु सरस वात करी, भाई," म्हणजे फार छान बोललास, आणि माझ्याबरोबर फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच टपरीवर जाऊन पेपर उघडला. पाहुण्यांची नावं होती, हार घालणाऱ्यांची होती, मंडप घालणाऱ्याचंसुद्धा होतं. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'संपादकांसोबत एक परप्रांतीय मजूर'. माझ्या गेलेल्या सोबत्याचं नाव तर कुठेच नव्हतं. काल मी पेन घेतलं, कात्रणातल्या त्या ओळीवर काट मारली आणि वर आधी त्याचं नाव लिहिलं, मग माझं. इतकं दाबून लिहिलं, की कागद फाटला.