कच्ची पोर उठेपर्यंत

तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर भागाकार लिहून विचारलं, "कोण सांगतं?" एकही हात वर गेला नाही. वर्गाच्या बाई याच आदिवासी वस्तीत वाढल्या होत्या, आणि इथली शाळा ठेवायची की बंद करायची, ते आज ठरणार होतं.

मुलं आपल्या बोलीत कुजबुजू लागली.

"कॉपी चाललीये!" साहेब कडाडले.

"जरा दम धरा," बाईही तडकल्या. "आमच्यात सगळ्यांना आल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. या गप्प बसण्यापायी शहरातल्या शाळेत मी मार खाल्लाय."

अखेर वर्गातली सगळ्यांत कच्ची पोर उठली आणि तिनं बरोबर उत्तर दिलं.

साहेब घुश्शातच म्हणाले, "मग यांच्यात हुशार कोण, ते कळणार कसं?"

"ते नाही कळत, साहेब. मागे कोण राहिलंय, ते मात्र लगेच कळतं."